लोकशाही नक्की कशाला म्हणायचं? तौलनिक राजकारणातले नेहमीचे प्रश्न

बी.ए., एम.ए. ला तौलनिक राजकारण, म्हणजे देशोदेशीच्या राजवटींची तुलना करणारा विषय, घेतलेली मुलं, नेट-सेट आणि एमपीएससीची तयारी करणारे, आणि रोजच्या बातम्यांवरून घरात-ग्रुपवर वाद घालणारे, सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात म्हणून एकत्र लिहितोय. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे खरा पेच आहे तिथे जास्त लिहिलंय.

लोकशाही म्हणजे काय हे शाळेतच शिकलोय की, मग व्याख्येवर एवढा वेळ कशाला?

शाळेत शिकलो ते लिंकनचं, लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं राज्य, १८६३ च्या भाषणातलं. भाषण म्हणून ते आजही भिडतं, पण त्याच्यावरून देशांची यादी करायला बसा, जमणार नाही, कारण आम्ही लोकांसाठीच राज्य करतो असं प्रत्येकच सरकार म्हणतं. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही आहे, पूर्व जर्मनीच्या नावातही होती.

आणि यादीशिवाय या विषयात पुढे सरकताच येत नाही. सीमूर लिपसेट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ ला मांडलं की आर्थिक विकास आणि लोकशाही यांचा जवळचा संबंध आहे, त्यावर आजपर्यंत वाद चालू आहे. आता हे खरं की खोटं तपासायचं तर कुठले देश कुठल्या खान्यात टाकायचे ते आधी ठरायला हवं ना. सिंगापूर घ्या, श्रीमंत देश, नियमित निवडणुका, पण १९५९ पासून एकच पक्ष सत्तेत. त्याला आत धरलं तर आकडेमोड एक सांगते, बाहेर ठेवलं तर दुसरंच. म्हणून व्याख्या ही पहिल्या पानावर लिहून विसरायची गोष्ट नाही, निष्कर्ष काय निघणार हे बऱ्यापैकी तिथेच ठरतं.

सगळ्यात साधी, कामाला येणारी व्याख्या कुठली?

जोसेफ शुम्पीटरची. मूळचा ऑस्ट्रियाचा अर्थतज्ज्ञ, नंतर हार्वर्डला शिकवायचा. १९४२ ला त्याने सांगितलं की लोकशाही म्हणजे लोकांची इच्छा वगैरे शोधणं सोडा, ती एक पद्धत आहे, निर्णय घ्यायचा अधिकार मिळवण्यासाठी नेते लोकांच्या मतांसाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, ही स्पर्धा जिथे खरी असते तिथे लोकशाही. पुढे अॅडम प्रझेवोर्स्की या पोलिश वंशाच्या अभ्यासकाने १९९१ ला हेच आणखी टोकदार केलं, की लोकशाही म्हणजे अशी व्यवस्था जिच्यात पक्ष निवडणूक हरतात.

मला स्वतःला ही व्याख्या फार मोलाची वाटते आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत मी तिच्याकडेच परत येणार आहे. खुर्चीत बसलेला माणूस मतांनी खाली उतरू शकतो का, आणि उतरवला तर उतरतो का? बाकी कितीही छान बोललं तरी हा प्रश्न चुकवता येत नाही. तिच्यात काय काय राहून जातं तेही खाली येईलच, ते कमी महत्त्वाचं नाहीये.

म्हणजे निवडणुका झाल्या की झाली लोकशाही?

नाही, आणि यासाठी गोव्याचं उदाहरण पुरेसं आहे, जे आपल्याकडे मुक्तिसंग्राम म्हणून शिकवतात पण तौलनिक राजकारणात कोणी घेत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालमध्ये, हुकूमशहा सालाझारच्या काळातही, निवडणुका व्हायच्या. १९३३ ची घटना होती, नॅशनल असेंब्ली होती, लिस्बनच्या त्या असेंब्लीत गोव्याच्या नावाने प्रतिनिधीही बसायचे. पण अधिकृत राजकीय संघटना एकच, सेन्सॉर कडक, आणि गोव्यात तर साधी जाहीर सभा घ्यायची चोरी, १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली तर त्यांना अटक झाली. कागदावर निवडणूक, आणि बोलायला तोंड उघडायची परवानगी नाही.

खुद्द पोर्तुगालमध्ये १९५८ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली, जनरल उंबेर्तु देल्गादु सरकारी उमेदवाराच्या विरोधात उभे राहिले. लिस्बनच्या एका कॅफेत पत्रकार परिषद होती, तिथे कोणीतरी विचारलं, निवडून आलात तर सालाझारचं काय करणार? ते म्हणाले, उघड आहे, त्यांना काढून टाकणार. इतक्या वर्षांत हे वाक्य जाहीरपणे कोणी बोललं नव्हतं, लोक अक्षरशः रस्त्यावर आले. अधिकृत निकालात त्यांना साधारण पाव मतं दाखवली, निकालात गडबड झाल्याचे आरोप झाले, आणि पुढच्याच वर्षी राजवटीने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच काढून टाकली. १९६५ ला राजवटीच्या गुप्त पोलिसांनी स्पेनच्या हद्दीत देल्गादुंचा खून केला. इथेच व्याख्येचं उत्तर मिळतं. हरायची शक्यता दिसायला लागल्यावर ज्यांनी खेळच बंद केला त्यांच्या आधीच्या निवडणुका काय लायकीच्या होत्या ते कळतं.

आता दुसरी बाजू बघा. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, डिसेंबर १९६३ ला विधानसभेची निवडणूक, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष म्हणजे मगो सत्तेत, युनायटेड गोवन्स विरोधात, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. पोर्तुगालमध्ये सालाझारी राजवट पडली २५ एप्रिल १९७४ ला आणि त्यानंतरची पहिली खुली निवडणूक झाली २५ एप्रिल १९७५ ला. म्हणजे गोव्यातल्या माणसाने लिस्बनमधल्या माणसाच्या अकरा वर्षं आधी खरं मत टाकलं. आणि जानेवारी १९६७ चा जनमत कौल तर धडाच आहे, मगोला महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं, कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आधी पायउतार झालं, विलीनीकरणाची बाजू साधारण ३४ हजार मतांनी हरली, त्यांनी ते मान्य केलं, आणि त्याच वर्षी विधानसभा पुन्हा जिंकली. हरणं, मान्य करणं, परत जिंकणं, सगळं काही महिन्यांत.

पण एखादा पक्ष प्रामाणिकपणे जिंकतच राहिला तर? त्याला हुकूमशाही म्हणायचं?

हा या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि त्याचं नाव बोत्सवाना.

बोत्सवाना १९६६ ला स्वतंत्र झाला. तेव्हापासून बोत्सवाना डेमोक्रॅटिक पार्टी प्रत्येक निवडणूक जिंकत होती. विरोधी पक्ष मोकळे होते, कोर्टं काम करत होती, आफ्रिकेतली सगळ्यात जुनी लोकशाही म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. पण प्रझेवोर्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० च्या आसपास जगभरच्या राजवटींची जी यादी केली तिच्यात बोत्सवाना लोकशाहीत नव्हता. नियम असा, की सत्ताधारी एकदाही हरला नसेल तर तो हरल्यावर उतरला असता की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही, मग संशयाचा फायदा द्यायचा नाही. यात एखाद्या खऱ्या लोकशाहीवर अन्याय होईल हे त्यांनी स्वतःच उघड कबूल केलं होतं, पण मनाने अंदाज बांधण्यापेक्षा डोळ्यांना दिसेल तेवढंच मोजायचं हे त्यांनी पत्करलं.

मग ३० ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक झाली आणि जवळपास ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष ६१ पैकी फक्त ४ जागांवर आला. राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी अंतिम आकडे जाहीर व्हायच्या आधीच पराभव मान्य केला, १ नोव्हेंबरला डुमा बोको यांचा शपथविधी झाला. त्या नियमाचं लॉजिक असंही आहे की त्याच नियमांखाली पक्ष हरला आणि उतरला तर मागची वर्षंही लोकशाहीत धरायची. म्हणजे एका निवडणुकीने आधीच्या अर्ध्या शतकाचा रकाना बदलतो.

पण थांबा, इथेच एक मोठा खड्डा आहे. मलेशियात स्वातंत्र्यापासून, म्हणजे १९५७ पासून एकच आघाडी राज्य करत होती, ती मे २०१८ ला हरली आणि उतरली. मग काय मलेशिया पण मागच्या साठ वर्षांसाठी लोकशाही? तिथले मतदारसंघ सत्ताधाऱ्यांच्या सोयीने आखलेले, मीडिया त्यांच्या हातात, अन्वर इब्राहिम यांच्यासारखा विरोधी नेता तुरुंगात. बहुतेक अभ्यासक तेव्हाच्या मलेशियाला लोकशाही म्हणत नाहीत आणि मलाही ते पटतं. झुकलेल्या मैदानावरही कधीतरी विरोधक जिंकतो, जिंकला म्हणून मैदान सपाट होतं असं नाही ठरत.

म्हणून प्रझेवोर्स्कीच्याच तीन कसोट्या एकत्र वापरायच्या. निवडणुकीआधी निकाल खरोखर अनिश्चित असला पाहिजे, निकालानंतर तो कोणी फिरवू नये, आणि पुढची निवडणूक पुन्हा व्हायला हवी. बोत्सवाना तिन्हीत बऱ्यापैकी बसत होता, मलेशिया पहिलीतच अडकायचा.

मत कोणाला आहे हे बघायचंच नाही का?

बघायचं, आणि शुम्पीटरची सगळ्यात मोठी कमजोरी हीच आहे, मतदार कोण हे ज्याच्या त्याच्या समाजाने ठरवावं असं तो सरळ सोडून देतो. रॉबर्ट डाल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९७१ ला दोन अक्ष मांडले, एक स्पर्धा किती खुली, दुसरा सहभाग किती लोकांना. दोन्ही वर असतील तर तो त्याला बहुसत्ता म्हणतो, पूर्ण लोकशाही हा शब्द त्याने मुद्दाम आदर्शासाठी राखून ठेवला कारण खऱ्या जगात तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही असं त्याचं म्हणणं.

आता स्वित्झर्लंड कधी लोकशाही झाला सांगा. घटना १८४८ ची, सार्वमतं सारखी, पण बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ ला, आणि आपेनझेल इनररोडन नावाच्या एका छोट्या कॅन्टनमध्ये स्थानिक मतासाठी १९९० ला कोर्टाला आदेश द्यावा लागला. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांना १९६५ च्या कायद्यापर्यंत मतदानापासून हरप्रकारे दूर ठेवलं होतं. तरी सॅम्युएल हंटिंग्टन या अमेरिकन अभ्यासकाने लोकशाहीच्या लाटा, म्हणजे बरेच देश एकदम लोकशाहीकडे वळल्याचे काळ, मोजताना एकोणिसाव्या शतकासाठी निम्म्या प्रौढ पुरुषांना मत असलं तरी चालेल अशी कसोटी ठेवली. म्हणजे बायका मोजणीतच नाहीत. पहिली लाट एवढ्या लवकर सुरू झालेली दिसते ती या सवलतीमुळे, हे पाठ्यपुस्तकात ठळक लिहायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

भारताने १९५१-५२ ला पहिल्याच फटक्यात सगळ्या प्रौढांना मत दिलं, साधारण १७ कोटी मतदार, जेव्हा साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. पण तिथेही जवळून बघा. यादी करायला आलेल्यांना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. निवडणूक आयोगाने अशी नोंद चालणार नाही म्हटलं, आणि शेवटी साधारण २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत. कायद्यात हक्क पूर्ण, यादीत नाव नाही. सहभागाचा अक्ष मोजताना फक्त कायदा वाचून भागत नाही ते यासाठी.

लोकशाही आणि प्रजासत्ताक एकच ना?

नाही. ब्रिटन, स्वीडन, जपान इथे राजा किंवा सम्राट आहे, प्रजासत्ताक नाहीत, लोकशाही आहेत. चीन प्रजासत्ताक आहे. राष्ट्रप्रमुख वारसाने येतो का यावरून एक ठरतं, सरकार मतांनी बदलतं का यावरून दुसरं.

निवडून आलेल्या सरकारनेच कोर्ट आणि मीडियाला वेसण घातली तर काय म्हणायचं?

फरीद झकारिया यांनी १९९७ ला यासाठी अनुदार लोकशाही हा शब्द चालवला (ते मूळचे मुंबईचे, वडील रफिक झकारिया महाराष्ट्रात मंत्री होते). त्यांचा मुद्दा, की निवडणूक आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी पाश्चात्त्य देशांत एकत्र वाढल्या म्हणून आपल्याला एकच वाटतात, पण त्या सुट्या पडू शकतात.

हंगेरी हे नेहमीचं उदाहरण. २०१० ला ऑर्बान यांच्या फिडेस पक्षाच्या आघाडीला साधारण ५३ टक्के मतं मिळाली, निवडणूक पद्धतीमुळे जागा दोन तृतीयांशाच्या वर गेल्या, आणि त्या जोरावर २०११ ला फक्त स्वतःच्या मतांनी नवी घटना मंजूर करून घेतली. २०१४ ला पंतप्रधान ऑर्बान यांनी आपण अनुदार राज्य उभारतोय असं जाहीर भाषणात सांगितलं.

मला मात्र तो शब्द पूर्ण पटत नाही. कारण मीडिया, पैसा, सरकारी यंत्रणा एका बाजूला गेली की ती फक्त स्वातंत्र्यावरची गदा राहत नाही, निवडणुकीतली स्पर्धाच पोखरली जाते, मग त्याला लोकशाहीचा एक प्रकार का म्हणायचं? लेविट्स्की आणि वे या अभ्यासकांनी २००२ ला स्पर्धात्मक हुकूमशाही असं नाव दिलं, निवडणूक खरी, विरोधक खरे, पण मैदान इतकं वाकडं की सामना बरोबरीचा नाही. ते जास्त प्रामाणिक वाटतं.

एवढी विशेषणं का लावतात? सदोष, अनुदार, निवडणुकीय, नियंत्रित...

१९७४ नंतर इतक्या देशांत एकदम निवडणुका सुरू झाल्या की प्रत्येकात काहीतरी कमी दिसायचं, मग एकेक विशेषण. कॉलियर आणि लेविट्स्की यांनी १९९७ ला मोजलं तर असे शेकडो उपप्रकार सापडले. सार्तोरी या इटालियन अभ्यासकाने १९७० लाच सावध केलं होतं की संकल्पना ताणत गेलात तर तिच्यात सगळंच बसतं आणि मग ती काहीच सांगत नाही. साधी टेस्ट: विशेषण काढून टाका, उरलेलं वाक्य खरं राहतंय का बघा. संसदीय लोकशाही मधून संसदीय काढलं तरी लोकशाही उरते. नियंत्रित लोकशाही मधून नियंत्रित काढलं तर उरतं ते खरं आहे का?

भारत लोकशाही आहे की नाही? वेगवेगळे इंडेक्स वेगवेगळं का सांगतात?

यावर भांडणं फार होतात, म्हणून शांतपणे. फ्रीडम हाउस या अमेरिकन संस्थेने २०२१ च्या अहवालात भारताला मुक्त मधून अंशतः मुक्त मध्ये टाकलं. स्वीडनच्या व्ही-डेम या संशोधन प्रकल्पाने त्याच वर्षी निवडणुकीय एकाधिकारशाही म्हटलं. इकॉनॉमिस्ट या ब्रिटिश साप्ताहिकाच्या समूहातलं संशोधन युनिट सदोष लोकशाही म्हणतं. भारत सरकारने हे शेरे फेटाळले. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. फ्रीडम हाउसच्या १०० गुणांपैकी ६० नागरी स्वातंत्र्याचे आणि ४० राजकीय हक्कांचे. व्ही-डेम जगभरच्या तज्ज्ञांना विचारून निवडणुकीय, उदार, सहभागी, विचारविमर्शाची आणि समतेची अशी पाच अंगं वेगवेगळी मोजतं. आणि सत्ताधारी हरतो का एवढंच बघणारा म्हणेल की १९७७ ला इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या, केंद्रात सरकारं कितीदा बदलली, २०२४ ला भाजप २४० वर थांबला, राज्यांत तर सतत उलथापालथ.

मला दोन्ही बाजूंचं ऐकावंसं वाटतं. तज्ज्ञांच्या मतात त्यांचा मूड शिरू शकतो ही टीका खरी आहे, पण पत्रकारावर केस पडणं किंवा आंदोलकाला वर्षानुवर्षं जामीन न मिळणं हे सरकार बदलण्याच्या आकड्यात कधीच दिसणार नाही हेही तितकंच खरं आहे. तेव्हा एकूण गुण सांगून थांबू नका, कुठल्या अंगात किती पडले ते उघडून दाखवा.

बाबासाहेबांची व्याख्या यात कुठे बसते?

बसते आणि तिची जागा पहिल्या रांगेत आहे, अभ्यासक्रमात ती भारतीय राजकीय विचार या पेपरात टाकून मोकळे होतात, ते चूक आहे. डिसेंबर १९५२ ला पुण्यात डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत त्यांनी भाषण केलं, विषय होता लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं. त्यांची व्याख्या अशी, की लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्त न सांडता घडवून आणणारी शासनपद्धती म्हणजे लोकशाही. म्हणजे तेही पद्धतच म्हणतात, शुम्पीटरसारखं, पण पद्धत कशासाठी तेही त्याच वाक्यात सांगतात. मग अटी मोजल्या, समाजात पराकोटीची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि प्रशासनात समान वागणूक, संविधानिक नीतिमत्ता, बहुमताने अल्पमताला चिरडू नये, समाजाची सदसद्विवेकबुद्धी जागी हवी.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतही ते म्हणालेच होते की राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता असा विसंगतीचा काळ आपण सुरू करतोय. व्ही-डेमने समतेचं अंग वेगळं मोजायला घेतलं त्याच्या कितीतरी आधीची ही मांडणी आहे.

वर्गवारीसाठी मी ही व्याख्या वापरणार नाही, कारण मग जगात एकही लोकशाही उरणार नाही. पण वर्गवारी झाल्यावर पुढचा प्रश्न काय विचारायचा, ते इथूनच घेईन.

निवडणुका सगळ्या नीट, पण लष्कराच्या हातात खरी सूत्रं, तर?

तर अपुरी. म्यानमारच्या २००८ च्या घटनेत संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखीव होत्या आणि घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागायची, म्हणजे लष्कर नाही म्हणालं की संपलं. १ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी उरलेलंही काढून घेतलं. निवडून आलेल्यांना खरा अधिकार आहे का हे वेगळं तपासायचं.

देश लोकशाही असला की गाव-शहर पण आपोआप लोकशाही धरायचं?

धरू नका. गिएर्मो ओ'डोनेल या अर्जेंटिनाच्या अभ्यासकाने दाखवलं की एकाच लोकशाही देशात काही भागात कायदा-हक्क पोचतात आणि काही भागात स्थानिक दांडग्यांचंच राज्य चालतं. आपल्याकडचं जवळचं उदाहरण मुंबई-पुण्याच्या महापालिका. मार्च २०२२ ला मुदत संपली, निवडणूक लांबतच गेली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात, आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हातात कारभार. त्या काळात त्याच मतदारांनी लोकसभेला आणि विधानसभेला मत दिलं, पण नळाला पाणी का नाही हे विचारायला नगरसेवक नव्हता, आणि महापालिकेतल्या कारभाराबद्दल मतपेटीतून कुणाला उतरवायची सोयच नव्हती. राष्ट्रीय इंडेक्समध्ये हे फारसं दिसत नाही. लोकशाहीची व्याख्या वापरताना कुठल्या पातळीवर, हा प्रश्न जोडूनच घ्या.

मग परीक्षेत आणि प्रोजेक्टमध्ये कुठली व्याख्या लिहू?

परीक्षेत: शुम्पीटर, डाल, मग आंबेडकर, प्रत्येकाने काय आत घेतलं आणि काय बाहेर ठेवलं ते एकेका देशाच्या उदाहरणासह. नुसती पाच नावं आणि पाच अवतरणं लिहिलेली उत्तरं सगळ्यांची सारखी दिसतात.

प्रोजेक्टमध्ये: आधी तुमचा प्रश्न लिहा. सत्तांतर का होतं हे शोधताय तर शुम्पीटरसारखी किमान व्याख्या घ्या. लोकशाहीमुळे दलितांचं किंवा बायकांचं जगणं सुधारतं का हे शोधताय तर समता व्याख्येतच घुसवू नका, नाहीतर जे सिद्ध करायचंय तेच आधी गृहीत धरलं जातं, ही गोची खूप प्रबंधांत होते. मग तुमच्या व्याख्येने अडचणीत येणारे दोन-तीन देश मुद्दाम शोधा, बोत्सवाना आणि मलेशिया शेजारी ठेवून बघितले तसे, आणि व्याख्या बदलली तर निष्कर्ष किती बदलतो ते एका टेबलात दाखवा. गाइडला आवडो न आवडो, ते टेबल प्रबंधात राहू द्या.